हौसाच्या रक्ताचा कागद

डॉक्टरांनी माझा कागद दोन बोटांनी उचलला. वाचला नाही. उलटा करून मागची बाजू पाहिली आणि टेबलाखालच्या टोपलीत सोडला.

"हे काय आणलंस?"

"नाडीचे आकडे आहेत साहेब. माझ्या बायकोच्या. चौतीस दिवसांचे. सकाळी उठल्यावर एकदा, दिवेलागणीला एकदा. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलेत."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"काम काय करतोस तू?"

"कोयनेला असतो. पावसाचं माप घेतो. धरणाच्या पाण्याची पातळी लिहितो."

डॉक्टरांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. दोन्हींवर माणसं बसली होती. डॉक्टर माझ्याशी बोलायचं सोडून त्यांच्याकडे वळले. "ऐकलंत? पाणी मोजणारा आता रक्त मोजायला लागला."

एक जण मोकळेपणानं हसला. दुसऱ्यानं रुमाल तोंडाला लावला.

"साहेब, गोळ्या सुरू केल्या तेव्हा नाडी अठ्ठावन्न होती. आता एकोणपन्नास आहे. तुम्ही म्हणाला होता, या आजारात नाडी पळते."

"तुमच्या लोकांना शिकायला मिळालं ते चांगलंच झालं," डॉक्टर म्हणाले. आवाज शांत होता. "पण पचायला पिढ्या लागतात. गोळ्या चालू ठेव. दोन महिने झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

मी बेचाळीस वर्षांचा होतो. डॉक्टर माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असतील. मी नमस्कार केला आणि बाहेर आलो.

त्यांनी मला हसून घेतलं, ते मी विसरू शकेन. मी केलेला नमस्कार विसरता येत नाही.

हे सांगलीत घडलं. भूकंपाला सात वर्षं झाली होती. कोयनानगरला आमच्या वसाहतीत घरं पुन्हा उभी राहिली होती आणि मी पावसाच्या मापावर कायम झालो होतो. काम साधं. रोज सकाळी ठरल्या वेळी मापाच्या भांड्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा, आकडा लिहायचा. एक नियम मला पहिल्याच वर्षी कळला. आकडा विचित्र आला तर आभाळाकडे बघायच्या आधी भांड्याकडे बघायचं. एकदा चैत्रातल्या कडक उन्हात भांड्यात चौदा मिलिमीटर पाणी निघालं. ढगाचा पत्ता नव्हता. जाऊन पाहिलं तर कुणीतरी ओलं लुगडं कुंपणावर वाळत टाकलेलं, आणि त्याचा काठ नेमका भांड्यावर ठिबकत होता. तो आकडा मी लिहिला, आणि पुढे कारण लिहिलं. साहेबांनी तो पाऊस धरला नाही.

हौसा माझी बायको. अडतीस वर्षांची. अंगानं सडपातळ, कामाला चलाख, बोलण्यात माझ्या दुप्पट वेगाची. ती चार वर्षांत हळूहळू मंद होत गेली. चेहरा सुजला. आवाज घोगरा झाला. केस मुठीनं गळायचे. वैशाखात ती घोंगडी घेऊन बसायची. गळ्याशी गाठ दिसू लागली. मी तिला धान्याच्या काट्यावर उभी केली, तर वर्षात सव्वानऊ किलो वाढलेली. जेवण निम्म्यावर आलेलं असताना.

"आवं, मला पोत्यासारखं तोलता व्हय?" ती म्हणाली. "आता सुतळीनं तोंड बी शिवून टाका."

मी हसलो. तिचं तोंड मी आधीच शिवलेलं होतं. ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आमच्यात रीत अशी की बाई परक्या पुरुषाशी थेट बोलत नाही. तलाठी आला, मास्तर आला, डॉक्टर आला, उत्तर नवरा देतो. बायको मागे उभी राहते आणि पदर पुढे ओढून घेते. जातीच्या उतरंडीवर आम्ही सगळ्यात खाली. पण आमच्या खालीही एक पायरी आम्ही राखून ठेवली होती आणि तिच्यावर आमच्या बायका उभ्या होत्या.

सांगलीला पहिल्यांदा गेलो तेव्हा एसटीच्या दोन गाड्या बदलून पाच तास लागले. डॉक्टर सुरुवातीला "या, बसा" म्हणाले. मग नाव लिहून घेताना आडनाव विचारलं. मी सांगितलं. "गाव?" सांगितलं. "गावात, की गावाबाहेर?"

"गावाबाहेर."

पुढचा प्रश्न एकेरीत आला. बसायचं राहून गेलं.

डॉक्टरांनी हौसाच्या अंगाला हात लावला नाही. कंपाउंडरला खूण केली. त्यानं पदरावरूनच तिचा गळा चाचपला आणि "गाठ आहे" म्हणाला. मनगट कुणीच धरलं नाही. डॉक्टरांनी प्रश्न विचारले चार. चारही मला.

छातीत धडधडतं का? मी हो म्हणालो. सांगलीच्या स्टँडवर गर्दीत ती म्हणाली होती, काळीज धडधडतंय. एरवी कधी म्हणाली नव्हती.

झोप येते का? नाही म्हणालो. खरं तर ती दिवसासुद्धा झोपायची. पण आळशी बायको आणली असं डॉक्टरांना वाटेल, याची मला लाज वाटली.

मुलं किती? एक मुलगी.

बाहेरचं काही औषध चालू आहे का? नाही.

या चौथ्या प्रश्नाला हौसानं माझा कोपर ओढला. मी मागे न बघता म्हणालो, "गप."

चार उत्तरांत तीन चुकली. हिशेबात हयातभर चूक न केलेला माणूस मी.

रक्त काढून मुंबईला पाठवलं. अठरा दिवसांनी बोलावलं. डॉक्टरांनी आलेला कागद खिडकीकडे धरून वाचला. उजेडामुळे मला तो पलीकडून दिसत होता. उलटे आकडे वाचायची मला सवय आहे. वर नावाच्या जागी माझं नाव होतं आणि त्याआधी 'ची बायको' अशा अर्थाची दोन इंग्रजी अक्षरं. हौसाचं नाव कुठेच नव्हतं. खाली दोन आकडे. पहिला प्रोटीनला बांधलेल्या आयोडीनचा, अकरा पूर्णांक चार. शेजारी छापलं होतं, चार ते आठ. दुसरा कोलेस्टेरॉलचा, तीनशे बेचाळीस. शेजारी, दीडशे ते अडीचशे.

"गळ्यातली ग्रंथी जास्त काम करतेय," डॉक्टर म्हणाले. "त्यामुळे शरीर पळत सुटतं. नाडी पळते, अंग गरम राहतं, वजन उतरतं. या गोळ्यांनी वेग कमी होईल. दिवसातून तीन."

मी म्हणालो, "साहेब, हिचं तर वजन वाढलंय."

"बसून खात असेल."

"आणि दुसरा आकडा काय सांगतो?"

डॉक्टरांनी कागद खाली घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. "वाचता येतं होय? तो तुझ्या कामाचा नाही."

म्हणून मी नाडी मोजायला लागलो. दुसरं माझ्या हातात काय होतं? सकाळी ती उठायच्या आधी तिचं मनगट धरायचो. तिला गंमत वाटायची.

"किती भरलं पाणी? दारं उघडावी लागत्यात का न्हाई?"

"त्रेपन्न."

"मग धरान काय भरत न्हाई औंदा."

ती पहिल्या आठवड्यात अशी बोलायची. चौथ्या आठवड्यात एक वाक्य पुरं करायला तिला दोनदा थांबावं लागायचं. हात धरला की वाटायचं, पहाटेचं पितळेचं भांडं धरलंय.

तोच कागद घेऊन मी सांगलीला गेलो होतो. टोपलीत गेला तोच.

घरी आलो. हौसा भिंतीला टेकून बसली होती.

"काय म्हनला डाक्टर?"

"बरं चाललंय म्हणाला."

"कागद ठिवून घेतला व्हय?"

"व्हय."

ती समाधानानं हसली. "बघा, आकडं कामाला आलं तुमचं."

मी तिला संध्याकाळची गोळी दिली. आणखी सोळा दिवस दिली. रोज तीन, म्हणजे अठ्ठेचाळीस. नाडी उतरताना दिसत होती, तरी दिली. डॉक्टरांनी मला मूर्खात काढलं होतं, आणि माझ्या आत काहीतरी होतं ते त्यांच्या बाजूनं बोलत होतं. एवढा शिकलेला माणूस चुकेल का? आणि तुला कळेल का? बापाचा आवाज होता तो, आज्याचा होता. पिढ्यान्‌पिढ्या उभं राहून ऐकलेल्या माणसांचा.

सतराव्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "तुमी डाक्टरला बाटलीचं सांगितलं का?"

"कसली बाटली?"

"टिंक्चरची. मी लावत हुते न्हवं गळ्याला."

ती थांबत थांबत सांगत गेली. त्याच्या आदल्या पावसाळ्यात पाण्याची पातळी बघायच्या गेजच्या पायरीवरून घसरून माझा पाय फाटला होता. तेव्हा मी टिंक्चर आयोडीनची मोठी बाटली आणली होती. ती तशीच फळीवर राहिली. शेजारी जतकडची एक बाई राहायची, तिला सगळे अक्का म्हणत. तिनं हौसाला सांगितलं, माझ्या जावेची गाठ ह्यानंच बसली, दोन वक्ताला लाव. हौसानं चार महिने लावलं. रक्त काढलं त्या सकाळीसुद्धा लावलं होतं. बाटली संपली म्हणून थांबली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत हुते की. तुमचा कोपर वढला. तुमी म्हनालासा, गप."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

तिनं पदर बाजूला केला. गळ्यावरची कातडी अजून काळवंडलेली होती. कंपाउंडरनं पदर बाजूला केला असता तर दिसली असती. आणि मी? मी त्याच घरात जेवत होतो, त्याच घरात झोपत होतो. मलाही दिसली नव्हती.

रिकामी बाटली चुलीमागे होती. पुसून तिच्यावरचं नाव वाचलं. आयोडीन. रक्ताच्या कागदावर काय मोजलं होतं? आयोडीन. मला वैद्यकी कळत नाही. पण ओलं लुगडं मापाच्या भांड्यावर ठिबकत असलं तर तो पाऊस नसतो, हे कळतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो. डॉक्टरांच्या खोलीत त्या दिवशी एक खुर्ची रिकामी होती. मी बसलो.

"ऊठ."

"बसून बोलतो साहेब. कराडपासून उभा आलोय." मी बाटली टेबलावर ठेवली. "रक्त दिलं त्या दिवसापर्यंत चार महिने ती हे गळ्याला लावत होती. यात जे आहे, तेच तुम्ही रक्तात मोजलंत. आकडा त्यामुळे चढला असेल का? एवढाच माझा प्रश्न आहे."

डॉक्टरांनी बाटली पाहिली. क्षणभर त्यांची नजर तिच्यावर अडकली. त्यांना कळलं, ते मी समोरून पाहिलं. मग चेहरा पूर्वीसारखा झाला.

"मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, बाहेरचं औषध आहे का. नाही कोण म्हणालं?"

"मी."

"मग दोष कुणाचा?"

"माझा. पण आता सांगतोय. तिची नाडी शेहेचाळीसवर आलीय. गोळ्या थांबवायच्या का?"

"गोळ्या चालू राहतील. तुझ्यासारख्याच्या सांगण्यावरून मी निदान बदलत नसतो."

मला वाटलं होतं, राग येईल. राग आला नाही. उलट सगळं स्वच्छ दिसायला लागलं. या माणसाला उत्तर माहीत होतं. ते मला देणं त्याला परवडत नव्हतं. हौसाचा जीव आणि त्याचा शब्द, यांत त्यानं शब्द निवडला होता. माझ्यासमोर, दिवसाढवळ्या.

"मग तिचा कागद द्या."

"कागद इथं राहतो."

"रक्त तिचं आहे."

फाइल टेबलावरच होती. मी उघडली, कागद काढला, घडी करून खिशात ठेवला. उठलो. कंपाउंडर दारात आला. "बाजूला हो दादा," मी म्हणालो. तो झाला. मागून डॉक्टरांचा आवाज आला, "चोर आहेत साले." मी नमस्कार केला नाही.

त्या दिवसापासून गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाच्या जीपमधून हौसाला साताऱ्याला नेलं. तिथं एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि हौसाचं मनगट धरलं. किती तरी वेळ धरून ठेवलं. मग तिला गुडघ्यावर बसवून घोट्यामागच्या शिरेवर लहान हातोडी मारली. पाऊल हललं, आणि इतकं सावकाश परत गेलं की मला ते मोजता आलं असतं.

"हे बघायला मुंबईचा कागद लागत नाही," बाई म्हणाल्या. मग त्या हौसाकडे वळल्या. "तुम्हाला काय काय होतं, सांगा."

मी तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही."

हौसानं माझ्याकडे पाहिलं. मग बोलली. तुटक, घोगरं, थांबत थांबत. तिला डाव्या कानानं दोन वर्षं कमी ऐकू येत होतं. हाताला मुंग्या येऊन तवा दोनदा पायावर पडला होता. नळाची चढण चढवत नव्हती म्हणून ती खालच्या झऱ्याचं पाणी आणायची, आणि मला सांगायची की ते पाणी गोड लागतं. पोरीचं नाव एकदा आठवेना, तेव्हा ती मोरीत जाऊन रडली होती.

चार वर्षं. दहा मिनिटांत सांगून झालं. यातलं एकही मला माहीत नव्हतं.

बाहेर येऊन बाईंनी मला सांगितलं. ग्रंथी जास्त काम करत नव्हती, थंडावली होती. दुसरा आकडा, कोलेस्टेरॉलचा, तेच सांगत होता. पहिला टिंक्चरनं फुगवला होता. थंडावलेल्या ग्रंथीला आणखी दाबायच्या गोळ्या सात आठवडे पोटात गेल्या होत्या.

"तुमचा प्रश्न बरोबर होता," बाई म्हणाल्या. "उशीर फार झालाय. मी प्रयत्न करते."

त्यांनी केले. दुसरं औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी नाडी पन्नासवर आली आणि हौसानं माझ्याकडे बघून एक भुवई उचलली, म्हणजे आकडा विचारला. मी सांगितला. पाचव्या दिवशी छातीत कफ धरला. बाईंच्या मते एरवी कुणीही पार झालं असतं, हिच्या अंगात ताकद उरली नव्हती. नवव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या बोटाखालचं मनगट थांबलं. मी पूर्ण मिनिट मोजलं. मग आणखी एक मोजलं.

मुलगी शालन तेव्हा सोळा वर्षांची. दिवस झाले, पाहुणे गेले. मी तिच्यापुढे डॉक्टरांना शिव्या देत होतो. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, आईला कुनी इचारलंच न्हाई."

"व्हय गं. त्या माणसानं—"

"तुमी बी न्हाई."

ती भांडी पालथी घालून आत गेली.

मला ज्या नजरेनं त्या खोलीत पाहिलं गेलं, ती नजर मी घरात वापरत होतो. मला उभं ठेवलं म्हणून मी जळलो. हौसा माझ्या मागे वीस वर्षं उभी होती. हे लिहायला मला पाच वर्षं लागली. डॉक्टरांचा गुन्हा यानं कमी होत नाही. माझाही होत नाही. दोन्ही आकडे मी वेगवेगळे लिहितो. त्यांची वजाबाकी करत नाही.

कोर्टात जा, असं दोघे-तिघे म्हणाले. वकिलानं विचारलं, साक्षीदार कोण? साक्षीदार गेली होती.

मग मी पोस्टकार्ड लिहिलं. बंद पाकीट नको, पोस्टकार्डच. पोस्टमननं वाचावं, कंपाउंडरनं वाचावं, बाहेर बाकावर बसलेल्या माणसानं वाचावं. त्यात एकच प्रश्न: 'हौसा नावाच्या बाईच्या गळ्याला टिंक्चर आयोडीन लावलेलं होतं. हे तुम्हाला सांगितल्यानंतरही तुम्ही गोळ्या चालू का ठेवल्या?' शिवी नाही, शाप नाही. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. शेजारी गाव, आणि कंसात 'गावाबाहेर'.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक. आजवर एकसष्ट गेली. उत्तर नाही. परवा कंपाउंडर कोयनेला आला. म्हणाला, "डॉक्टरांना फार त्रास होतोय हो, आता पुरे करा. पेशंट आपापले कागद मागायला लागलेत." मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि बासष्टावं कार्ड दाखवलं. ते लिहून तयार होतं.

मला त्यांची माफी नको. दया नको. मला उत्तर पाहिजे, लेखी, तिचं नाव घालून. ते येईपर्यंत कार्ड जात राहील. मी गेल्यावर काय, असं कंपाउंडरनं जाताना विचारलं. ते मी परस्पर ठरवलं नाही. घरात हाक मारून शालनला विचारलं.

ती दारात आली. त्याच्याकडे सरळ बघून म्हणाली, "पत्ता माझा पाठ हाय."